एक सरासरी, तीन गुणपत्रिका

समजा, टेबलावर तीन गुणपत्रिका आहेत. तिन्ही चार वर्षांच्या पदवीच्या, म्हणजे आठ सत्रांच्या, आणि तिन्ही काल्पनिक. पहिलीत प्रत्येक सत्रात दहापैकी ६.९. दुसरीत ७.८, ७.६, मग एकदम ४.६, ५.०, नंतर ६.८, ७.०, ७.९ आणि शेवटी ८.५. तिसरीत दुसरीचेच आठ आकडे आहेत, फक्त उतरत्या क्रमाने : ८.५ पासून सुरुवात, ४.६ वर शेवट. तिघांचीही सरासरी ६.९ आहे. अर्जाच्या फॉर्मवर जो रकाना असतो त्यात तिघेही तोच आकडा भरणार. पण पहिला विद्यार्थी बेताचा आणि स्थिर आहे, दुसरा पडून उठलेला आहे आणि तिसरा अजून पडतो आहे. सरासरीला यातले काहीच दिसत नाही. अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला, म्हणजे एमपीएचला, अर्ज करणाऱ्या ज्या मुलामुलींची एखाददुसरी एटीकेटी लागलेली असते किंवा वर्ष गेलेले असते, त्यांनी आपल्या अपयशाचे काय करायचे हा या प्रकरणाचा विषय. माझे म्हणणे असे की ते लपवूही नये आणि त्याचे गाऱ्हाणेही मांडू नये. ज्या शास्त्राच्या दारात आपण उभे आहोत, त्याच शास्त्राच्या रीतीने ते तपासून मांडावे.

ती रीत काय हे पाहायला १८५४ च्या लंडनमध्ये जावे लागते. सोहो भागात कॉलऱ्याने सहाशेहून अधिक माणसे मेली. नुसता एकूण आकडा घेऊन बसले असते तर कोणालाही काही कळले नसते. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू कुठे झाले आणि कधी झाले हे मांडले, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटचा पंप मध्यभागी दिसू लागला. पण स्नोची खरी हुशारी नकाशापेक्षा अपवादांकडे पाहण्यात होती. पंपापासून जवळच पाचशेहून अधिक गोरगरिबांना ठेवलेले एक वर्कहाउस होते, आणि तिथे कॉलऱ्याने फक्त पाच माणसे दगावली. का? तर त्यांची स्वतःची विहीर होती. जवळच्या दारूभट्टीतले कामगार वाचले, कारण ते पंपाच्या पाण्याला तोंडच लावत नव्हते. आकडा तोच, पण काळ, जागा आणि अपवाद जोडल्यावर तो बोलू लागला. साथरोगशास्त्राचा पहिला धडा म्हणून आजही हेच शिकवतात. मग तेच शिकवणाऱ्या शाळेने विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र एकाच सरासरीवर निकाल द्यावा, हे विसंगत ठरेल. आणि विद्यार्थ्याने आपल्याच गुणपत्रिकेचा नकाशा न काढता ती पाठवून द्यावी, हेही तितकेच विसंगत.

आता व्यवहाराकडे. अमेरिकेतल्या बहुतेक मान्यताप्राप्त शाळांचे अर्ज ‘सोफास’ नावाच्या एकाच सामाईक व्यवस्थेतून जातात. आजवर ज्या ज्या संस्थेत शिकलो ती प्रत्येक संस्था तिथे नोंदवावी लागते. अर्धवट सोडलेले महाविद्यालय गाळले आणि नंतर ते उघडकीला आले, तर प्रश्न गुणांचा राहत नाही, सचोटीचा होतो, आणि त्याला उत्तर नसते. भारतीय गुणपत्रिकांचे मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावे लागते. इथे आपल्याकडची मुले स्वतःवरच एक अन्याय करतात : त्रैराशिक मांडतात. शंभरापैकी साठ, म्हणजे चारपैकी २.४, म्हणजे संपलेच सगळे! पण मुंबई किंवा पुणे विद्यापीठातले साठ टक्के म्हणजे प्रथम वर्ग, आणि अमेरिकन वर्गातले साठ टक्के म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. मूल्यमापन करणाऱ्यांना हा फरक माहीत असतो आणि ते श्रेणी पाहून रूपांतर करतात. तेव्हा स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर विश्वास ठेवून अर्जच न करणे हा घाईचा निर्णय. अनेक शाळा चारपैकी ३.० ही अपेक्षा लिहितात, पण काही ठिकाणी त्याखालीही सशर्त प्रवेश मिळतो : पहिल्या सत्रात अमुक श्रेणी राखा, मग कायम.

मुळात पदवीचे गुण पुढचे काय सांगतात? हा प्रश्न मताचा नाही, त्यावर मोजमाप झालेले आहे. नेथन कुन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांवरचे जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. पदवीचे गुण आणि पदव्युत्तर गुण यांच्यातला सहसंबंध सुमारे ०.३० निघाला. याचा वर्ग केला तर ०.०९ येतो, म्हणजे पदव्युत्तर गुणांमधल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के फरक पदवीच्या गुणांवरून समजतो. उरलेले एक्याण्णव टक्के दुसरीकडे कुठेतरी आहेत. हे वाचून ज्यांना आनंद झाला त्यांनी जरा थांबावे. ०.३० म्हणजे शून्य नव्हे. माणसाच्या भविष्याबद्दल एवढे सांगणारी दुसरी साधनेही फारशी नाहीत, आणि ज्या समितीसमोर शेकडो अर्ज आहेत ती हा आकडा फेकून देणार नाही, देऊही नये. शिवाय त्याच अभ्यासात जीआरईचे आकडे पदवीच्या गुणांच्या बरोबरीचे किंवा किंचित वरचेच होते. तरी २०२० च्या आसपास अनेक आरोग्य-शाळांनी जीआरईची अट काढून टाकली. म्हणजे एक साधन बाजूला झाले आणि गुणपत्रिकेवरचे वजन उलट वाढले. या आकड्यांचा सरळ अर्थ एवढाच की कमी गुण ही शंका आहे, निकाल नव्हे, आणि शंकेचे निरसन पुराव्याने करता येते.

इथे एक जाणकार आक्षेप येतो. कमी गुणांच्या मुलांना मुळात प्रवेशच मिळत नाही, मग ती पुढे काय करतात हे कळणार कसे? पोलीस भरतीत उंचीची अट लावून घेतलेल्या जवानांमध्ये उंची आणि कामगिरी यांचा संबंध शोधला तर तो फिकाच दिसणार, कारण बुटके आधीच बाहेर राहिले. आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच असे अभ्यास करणारे या कापलेल्या टोकाची दुरुस्ती गणिताने करतात, आणि वरचा ०.३० हा आकडा त्या दुरुस्तीनंतरचा आहे. पण दुरुस्ती शेवटी कागदावरची. नाकारलेल्यांना खरोखरच आत घेऊन पाहणारा प्रयोग कोण करणार? टेक्सासच्या विधिमंडळाने तो नकळत करून ठेवला. १९७९ मध्ये ह्यूस्टनच्या वैद्यकीय शाळेने सुमारे आठशे जणांच्या मुलाखती घेऊन क्रम लावला आणि दीडशे जण निवडले. मग वरून आदेश आला, आणखी पन्नास घ्या. एव्हाना यादीतले वरचे उमेदवार दुसरीकडे गेले होते, त्यामुळे हे पन्नास थेट यादीच्या तळातून, सातशे ते आठशे क्रमांकांमधून घ्यावे लागले. पुढची वर्षे दोन्ही गटांवर लक्ष ठेवले गेले आणि १९८७ मध्ये निष्कर्ष छापून आले : गळतीत, परीक्षांत, रुग्णालयातल्या कामात, दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. तळाचे पन्नास आणि वरचे दीडशे एकाच वर्गात बसल्यावर ओळखू येईनात.

पण हा पुरावा दुधारी आहे, आणि कमी गुणांची बाजू घेणारे त्याची दुसरी धार सांगत नाहीत. ह्यूस्टनमध्ये ते पन्नास जण तळाला गेले त्याला गुणांपेक्षा मुलाखतकारांची पसंती-नापसंती अधिक कारणीभूत होती. म्हणजे तिथे माणसाच्या नजरेचा पराभव झाला, गुणांचा नव्हे. पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दाखवले होते की साधे सूत्र आणि तज्ज्ञाचा अंदाज यांची तुलना केली तर सूत्र बरोबरी करते किंवा जिंकते. आजच्या अमेरिकन शाळा ‘समग्र परीक्षण’ म्हणजे गुण, काम, निबंध, पार्श्वभूमी सगळे एकत्र पाहण्याचा पुरस्कार करतात, तेव्हा मराठी वाचकाच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘वशिला’. तो अगदीच चुकीचा नाही. आपल्याकडे प्रवेश परीक्षा आणि कॅप राऊंड आले ते मुलाखतीच्या आणि देणगीच्या दाराने होणारे प्रवेश रोखायला. परीक्षेच्या क्रमांकाला आडनाव नसते. आणि अमेरिकेतही १९२० च्या दशकात हार्वर्डसारख्या विद्यापीठांनी ‘व्यक्तिमत्त्व’ आणि ‘चारित्र्य’ पाहायला सुरुवात केली, ती ज्यू विद्यार्थ्यांची संख्या कमी करण्यासाठी, कारण गुणांवर ती मुले भराभर आत येत होती. समग्र परीक्षणाचा जन्मदाखला असा डागाळलेला आहे. आजचा त्याचा हेतू उलटा असला तरी धोका तोच : ज्याला छान इंग्रजीत करुण कहाणी लिहिता येते, किंवा लिहून देणारा सल्लागार परवडतो, तो पुढे जातो.

म्हणून आक्षेप मान्य करूनच पुढे जायचे. माणसाची नजर बेभरवशाची असेल तर अर्जदाराने तिला पाझर फोडायच्या मागे लागू नये. पडताळता येईल असे काहीतरी तिच्यासमोर ठेवावे. एमपीएचच्या गाभ्यात जीवसांख्यिकी आणि साथरोगशास्त्र असते आणि ते कोणालाही चुकत नाही. मान्यता देणाऱ्या मंडळाच्या निकषांनुसार ही पदवी किमान ४२ श्रेयांकांची असते आणि तिच्यात बावीस मूलभूत कौशल्ये ठरवून दिलेली असतात. त्यातली काही थेट आकड्यांशी भिडणारी. तेव्हा कोणत्या विषयात पडलो याला किती विषयांत पडलो यापेक्षा जास्त अर्थ आहे. सेंद्रिय रसायनशास्त्राची एटीकेटी आणि संख्याशास्त्राची एटीकेटी एका भावाची नाहीत. पहिलीकडे समिती नजर टाकून पुढे जाईल, दुसरीपाशी थांबेल. ही भेग बुजवायची तर निबंधाने बुजत नाही, त्याच विषयाच्या ताज्या आणि चांगल्या गुणांनी बुजते. फुकटच्या ऑनलाइन व्हिडिओखाली मिळणारे रंगीत प्रमाणपत्र इथे फारसे कामाचे नाही, कारण ते केवळ हजेरी सिद्ध करते. त्यापेक्षा आपल्याकडच्या एनपीटीईएलचा संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम बरा : त्याची परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यावी लागते आणि प्रमाणपत्रावर गुण छापलेले असतात. परदेशी विद्यापीठाचा श्रेयांक देणारा एखादा सुटा विषय घेता आला तर आणखी चांगले, पण तो खर्चाचा मामला.

राहिले स्पष्टीकरण. ते द्यावे की नाही यावर सल्लागारांत दोन तट आहेत. मी देण्याच्या बाजूचा आहे, पण सहा ओळींत. ‘घरगुती परिस्थितीमुळे माझ्या अभ्यासावर परिणाम झाला’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ते खरे असले तरी खोट्यासारखे वाचले जाते, कारण त्यात तारीख नाही, मोजमाप नाही आणि ते कोणीही लिहू शकते. त्याऐवजी असे : ‘तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात वडिलांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा तालुक्यापासून साठ किलोमीटरवर असे आणि सोबत जाणारी मी एकटी होते. त्या दोन सत्रांत माझे तीन विषय राहिले. पाचव्या सत्रापासून काका ही जबाबदारी घेऊ लागले. तिन्ही विषय पुढच्याच प्रयत्नात सुटले आणि शेवटच्या सत्रात माझे गुण ८.५ आहेत.’ या मजकुरात कोणी रडत नाही. कारण आहे, त्याचा काळ आहे, ते कारण दूर झाल्यावर काय घडले हे आहे, आणि गुणपत्रिकेशी ताडून पाहता येईल असा प्रत्येक आकडा आहे. साथीचा अहवाल लिहिताना आपण नेमके हेच करतो : संपर्क आधी, आजार नंतर, संपर्क तुटला की आजार ओसरतो का, हे पाहायचे. खड्ड्यानंतर आलेख वर आला नसेल तर कारण कितीही खरे असो, ते एकमेव कारण नव्हते असाच अर्थ निघतो, आणि वाचणारा तो काढणारच.

इथे एक मोह होतो. सार्वजनिक आरोग्यात सामाजिक कारणांवर एवढा भर असतो की आपले सगळेच अपयश समाजाच्या खात्यावर टाकावेसे वाटते. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून झालेला व्हाइटहॉल अभ्यास हे त्या विचाराचे प्रसिद्ध उदाहरण : पगार नियमित, डोक्यावर छप्पर, उपचार सगळ्यांना सारखे, तरी हुद्दा जितका खालचा तितके मृत्यूचे प्रमाण जास्त. हा उतार लोकसमूहांबद्दल सांगतो. पण समूहाचा निष्कर्ष एका माणसावर जसाच्या तसा चिकटवणे ही साथरोगशास्त्रातली नावाजलेली चूक आहे, आणि ती अर्जातच केली तर वाचणारा प्राध्यापक ती टिपल्याशिवाय राहायचा नाही. ‘मी ग्रामीण भागातला, म्हणून नापास’ हे विधान त्याला पटणार नाही. त्याच गावातली पास झालेली मुले त्याला दिसतात. कोणती अडचण, कुठल्या मार्गाने, कोणत्या महिन्यांत, एवढेच सांगावे.

शिफारसपत्रांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे विभागप्रमुख म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ आणि मग तिन्ही पत्रांत विद्यार्थी ‘मेहनती आणि प्रामाणिक’ निघतो. ह्या दोन शब्दांनी ४.६ चे सत्र झाकले जात नाही. ज्या संस्थेत पाहणीचे फॉर्म भरले, अंगणवाडीतल्या वजनांच्या नोंदी तपासल्या, तिथल्या वरिष्ठांनी ‘हिने नोंदींतल्या चुका शोधून वजनकाटे दुरुस्त करून घेतले’ एवढे एक वाक्य लिहिले तरी ते मोठ्या पदाच्या कोऱ्या स्तुतीपेक्षा जड पडते.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे : इथे लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे, कच्च्या विद्यार्थ्यांना का घ्यायचे? याचे एक उत्तर जामखेडमध्ये आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला त्यांनी काम सुरू केले. त्यांनी आरोग्याची जबाबदारी दिली ती गावातल्या बायांना, ज्यांतल्या अनेकींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. त्यांनी बाळंतपणे सांभाळली, मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवले, जुलाबावर साखर-मीठ-पाणी पोचवले आणि जगभरातून माणसे ते पाहायला आली. हे उदाहरण भाषणांत ‘गुणांना काही अर्थ नसतो’ असे सांगायला वापरले जाते. मला ते पटत नाही. त्या बायांना निवडताना कसोटी होतीच : गावाचा विश्वास आणि शिकण्याची तयारी. आणि प्रशिक्षण एकदा देऊन संपले नाही, त्या पुन्हा पुन्हा जामखेडला येऊन शिकत राहिल्या. कसोटी कामाला साजेशी हवी, एवढेच जामखेड सांगते. एमपीएच झालेला माणूस इंजेक्शन देत नाही. तो नमुना ठरवतो, नोंदी वाचतो, पैसा कुठे लावायचा हे सुचवतो. त्या कामाची कसोटी संख्याशास्त्रात आहे, चिकाटीत आहे, शेतावरच्या बाईशी बोलता येण्यात आहे. ४.६ चे सत्र यातल्या पहिल्याबद्दल थोडेसे सांगते, दुसऱ्याबद्दल पुढची चार सत्रे जास्त सांगतात, आणि तिसऱ्याबद्दल गुणपत्रिका गप्प असते.

आता न बोलली जाणारी गोष्ट. अमेरिकेतल्या एमपीएचचा मोठा खर्च विद्यार्थ्याच्या शुल्कातून निघतो. जागा आपल्या वैद्यकीय प्रवेशासारख्या हातावर मोजण्याएवढ्या नसतात, आणि एखाद्या शाळेने कमी गुण असूनही पटकन होकार दिला तर त्यात विद्यार्थ्याच्या जिद्दीइतकाच शाळेच्या हिशोबाचाही वाटा असू शकतो. शिष्यवृत्ती मात्र गुणांकडे जास्त बारकाईने पाहते. म्हणजे पडून उठलेल्याला दार उघडे सापडेल, पण पूर्ण शुल्क भरून. आणि घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जाला समग्र परीक्षण माहीत नसते. सशर्त प्रवेश घेणाऱ्याने तर अट लेखी मागून घ्यावी : पहिल्या सत्रात अट मोडली तर काय, भरलेल्या पैशांचे काय, व्हिसाचे काय.

त्या तीन गुणपत्रिकांकडे परत येऊ. पहिलीला स्पष्टीकरणाची गरज नाही, तिला कामाचा अनुभव आणि एक चांगला विषय हवा. दुसरी या प्रकरणातल्या सगळ्या युक्तिवादाची मालकीण आहे. तिने सहा ओळी लिहाव्यात आणि अर्ज धाडावा. तिसरीचा प्रश्न अवघड आहे. तिची सरासरी इतरांइतकीच असली तरी आलेखाचे टोक खाली आहे, आणि खाली जाणाऱ्या रेषेचे समर्थन करणारा निबंध अजून कोणी लिहिलेला नाही. तिने या वर्षी अर्ज करू नये. तिला निबंध नव्हे, नववा बिंदू हवा आहे : बारा आठवड्यांचा संख्याशास्त्राचा एक अभ्यासक्रम, केंद्रावर जाऊन दिलेली परीक्षा, आणि प्रमाणपत्रावर छापलेला एक आकडा. सोफासचे नवे सत्र गणपतीच्या आगेमागे पुन्हा उघडेल.